छतातला रिफ्लेक्टर आणि आईची तक्रार

(या भागाचं लिखित रूप. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, अडखळलेली वाक्यं तेवढी सरळ केली आहेत.)

माईकच्या शेजारी टेबलावर एक वस्तू ठेवली आहे. वाजवून दाखवतो. टक, टक. ऐकू आलं? ॲल्युमिनियमचा एक छोटा उलटा पेला आहे. आतून मळकट चंदेरी, वरच्या बाजूला भोक, आणि काठाला बाहेरून तीन छोटे कान. त्यातला एक कान वाकलाय. फॉल्स सीलिंगमध्ये जे गोल दिवे असतात, डाउनलाइट, त्यातला हा रिफ्लेक्टर. मागच्या महिन्यात हा आमच्या डायनिंग टेबलवर पडला. एकटा नाही, मागचं एलईडी मॉड्यूल आणि त्याचा हीट सिंक घेऊन. पाव किलोच्या आसपास वजन असेल, सरळ वरून खाली.

रात्रीचे साडेदहा. आई टेबलाशी बसून मेथी निवडत होती, सकाळच्या डब्यासाठी. मावशीचा फोन आला म्हणून उठून बेडरूममध्ये गेली. मी सोफ्यावर लॅपटॉप घेऊन होतो. आधी 'कट्' असा बारीक आवाज झाला, मग एक सेकंद काहीच नाही, आणि मग धाडकन. मेथीच्या ताटात तो हीट सिंक रुतलेला. ताटाला पोचा आलाय, तो अजून आहे. आई धावत आली, ताट बघितलं, वर भोकाकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं. आणि म्हणाली, "तरी मी सांगत होते, त्या लाइटांचं काहीतरी बघ म्हणून."

आता गंमत अशी की तिने सांगितलं होतं ते हे नव्हतंच. दिवा पडेल असं ती कधीच म्हणाली नव्हती. तिची तक्रार होती की लाइट डोळ्यांत टोचतो. पण दोन्हीचं मूळ एकच निघालं, म्हणून हा भाग.

थोडं मागे जातो. दोन वर्षांपूर्वी आम्ही फ्लॅटचं काम केलं. हॉलला जिप्समचं सीलिंग, त्यात आठ डाउनलाइट. मीच निवडलेले. तीन रात्री डेटाशीट वाचून 'डीप रिसेस्ड, अँटी-ग्लेअर' असे घेतले होते. साध्यापेक्षा महाग. बाबा म्हणाले होते, "अरे, ट्यूबलाइट लाव, सगळं दिसतं." मी त्यांना लेक्चर दिलं होतं. तर हे दिवे लागले, सगळ्यांनी वा वा केलं, आणि महिन्याभरात आई संध्याकाळी हॉलमध्ये बसेनाशी झाली. सोफा सोडून स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून मोबाइल बघायची. मालिका बघायची तर कपाळावर हात धरून. विचारलं की म्हणायची, "टोचतो रे तो उजेड."

मी काय केलं? आपण ऑफिसमध्ये करतो तेच. माझ्या मशीनवर तर चालतंय! मी त्याच सोफ्यावर बसतो, मला तर काही होत नाही. शिवाय तिला मोतीबिंदूची सुरुवात आहे असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलेलं. झालं, कारण मिळालं. तिकीट बंद, युजरच्या बाजूची अडचण. वर एकदा मी तिला असंही म्हणालो की डोळे दाखवून घे परत, लाइट चांगले आहेत. हे आता बोलताना बरं वाटत नाही, पण बोललो होतो.

दिवा पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली आणि शिडी काढली. आधी एमसीबी पाडला. नुसतं बटण बंद करून छतात हात घालू नका. बऱ्याच घरांत फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असतात, बटण बंद असूनही ड्रायव्हरपर्यंत करंट असतो. ड्रायव्हर म्हणजे ती प्लॅस्टिकची डबी, २३० व्होल्ट घेते आणि पुढे दिव्याला कमी व्होल्टचा डीसी देते. पडलेला दिवा ड्रायव्हरच्या वायरीला एक सेकंद लटकला होता, मग मधला प्लग सुटला. तो मधला एक सेकंद म्हणजे हा.

आता हे बसवलेलं कसं असतं ते सांगतो, कारण इथेच सगळी मेख आहे. आमच्या दिव्याचे तीन भाग. एक फ्रेम, म्हणजे खालून दिसते ती गोल रिंग. तिला दोन्ही बाजूंना स्प्रिंगचे पाय. ते पाय वर दुमडून धरायचे, भोकात सरकवायचे आणि सोडायचे. ते आत उघडतात आणि जिप्समच्या पाठीवर दाब देऊन फ्रेम पकडून धरतात. (बोट मध्ये आलं तर आईशप्पथ तारे दिसतात, मी दोनदा पाहिले.) दुसरा भाग हा रिफ्लेक्टर. तो फ्रेममध्ये घालून थोडा फिरवायचा, की त्याचे तीन कान फ्रेमच्या तीन खाचांत जाऊन अडकतात. प्रेशर कुकरची नाही, जुन्या पिन-बल्बची आठवण करा, दाबून फिरवायचा तो. आणि तिसरं, रिफ्लेक्टरच्या पाठीवर बसतं ते एलईडी मॉड्यूल, त्याच्या मागे हीट सिंक.

म्हणजे वजन सगळं मागे, आणि ते तोललेलं कशावर? तीन कानांवर. तीनही खाचेत शेवटपर्यंत गेले असतील तर माणूस लोंबकळला नाही तर काही होणार नाही. पण पडलेल्या दिव्याचा एकच कान नीट गेला होता. बाकी दोन काठावर नुसते टेकलेले. बसवताना वरून ड्रायव्हरची वायर ताठ होती, तिने रिफ्लेक्टर पूर्ण फिरूच दिला नाही. खालून बघताना एकदम बसल्यासारखा दिसत असणार. मग दिवा रोज लागतो, तापतो, विझतो, गार होतो. ॲल्युमिनियम थोडं पसरतं, थोडं आक्रसतं. वर पंखा चालू, सीलिंगला बारीक थरथर. दोन वर्षं तो कान सांभाळत राहिला आणि मेथीच्या रात्री वाकला.

मग बाकीचे सात काढून बघितले. दोन असेच अर्धवट फिरवलेले. दोन चांगले. आणि सोफ्याच्या वरचे तीन? त्यांत रिफ्लेक्टरच नव्हता.

मी शिडीवर उभा राहून त्या फ्रेमकडे बघतोय. मॉड्यूल थेट फ्रेमला चिकटवलेलं. तशी सोय त्या फिटिंगमध्ये असते, उथळ बसवायचं असेल तर मॉड्यूल सरळ रिंगच्या मागे लागतं. मग माळ्यावर चढलो. दिव्यांची खोकी आपण मराठी माणसं टाकत नाही, हे एक बरं. तीन रिफ्लेक्टर प्लॅस्टिकच्या पिशवीत, कोरे, सील न फोडलेले.

मोकळ्या भोकातून मोबाइलचा टॉर्च मारला तेव्हा कारण दिसलं. सोफ्याच्या बरोबर वरून इमारतीचा बीम गेलाय. बाकी हॉलमध्ये स्लॅब आणि जिप्सम यांच्यात भरपूर जागा, पण बीमखाली जेमतेम सात सेंटिमीटर. रिफ्लेक्टर पाच सेंटिमीटर, वर मॉड्यूल आणि हीट सिंक साडेचार, वर हवा खेळायला थोडी जागा हवी. बसणारच नाही. इलेक्ट्रिशियन काकांनी जे बसलं ते बसवलं. नंतर फोन केला तर ते अगदी सरळ म्हणाले, "साहेब, तिथे बीम होता. तुम्ही ऑफिसला होता. लाइट तर लागतोय ना?" त्यांच्या बाजूने बघितलं तर बरोबर आहे. लाइट लागत होता. रिफ्लेक्टर म्हणजे त्यांच्या लेखी शोभेची चकती. आणि खरं सांगू, मलाही कोणी त्या दिवसापर्यंत विचारलं असतं की रिफ्लेक्टर काय करतो, तर मी म्हणालो असतो, उजेड परावर्तित करतो. नावातच आहे.

पण तो त्याहून मोठं काम करतो. तो दिवा लपवतो.

आता थोडं गणित, दहावीचं आहे, घाबरू नका. दिव्याचं तोंड समजा ७५ मिलिमीटरचं, म्हणजे त्रिज्या साडेसदतीस. आणि तो पिवळा ठिपका, ज्याला सीओबी म्हणतात, खरा उजेड जिथून निघतो तो, तोंडापासून ५० मिलिमीटर वर. ठिपक्यापासून तोंडाच्या काठाला रेघ मारा. ५० भागिले साडेसदतीस, टॅन इन्व्हर्स, साधारण ५३ अंश. म्हणजे तुम्ही आडव्या रेषेपासून ५३ अंशांपेक्षा जास्त वर बघितलंत तरच तो ठिपका दिसेल. आमचं सीलिंग २.६ मीटरवर आहे. सोफ्यावर बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून १.२ मीटर धरा. फरक १.४. म्हणजे दिव्याच्या खाली साधारण मीटरभर अंतरात जो बसेल, आणि मान वर करेल, त्यालाच ठिपका दिसणार. बाकी हॉलला फक्त उजेड दिसणार, दिवा नाही.

आता रिफ्लेक्टर काढा आणि ठिपका तोंडापासून फक्त १० मिलिमीटरवर आणा. कोन होतो १५ अंश. अंतर काढा: पाच मीटरपेक्षा जास्त. आमचा हॉल सोळा फूट लांब, म्हणजे पाच मीटरच्या आतच. थोडक्यात, हॉलमध्ये कुठेही बसा, ते तीनही ठिपके डोळ्यांत. मान वर करायचीही गरज नाही. सीओबीला स्वतःची रुंदी असते, ती मी धरलेली नाही, त्यामुळे आकडे थोडे इकडेतिकडे होतील. पण एक मीटर आणि पाच मीटर यातला फरक त्याने पुसला जात नाही.

आणि मोतीबिंदूचं मी जे म्हणत होतो ते अर्धं खरं होतं, म्हणून जास्त वाईट. वय वाढतं तसा डोळ्याच्या भिंगात उजेड जास्त विखुरतो, मोतीबिंदूत तर आणखी. समोर तीव्र ठिपका असेल तर त्या विखुरलेल्या उजेडाचा पडदा सगळ्या दृश्यावर पसरतो. पंचविशी-तिशीच्या डोळ्याला तोच ठिपका नुसता चमकदार वाटतो. म्हणजे मला त्रास होत नव्हता हा काही पुरावा नव्हता. दिवा चुकीचा बसलेला होता आणि तो चूक आहे हे कळण्याइतका संवेदनशील सेन्सर घरात एकच होता. तो वर्षभर सिग्नल देत होता.

तुम्हाला तुमच्या घरी बघायचं असेल तर मोबाइलने जमतं. नेहमीच्या जागेवर बसा. फोन डोळ्यांच्या उंचीला सरळ समोर धरा, वर तिरका करू नका. कॅमेऱ्यात स्क्रीनवर बोट ठेवून ब्राइटनेस पूर्ण खाली ओढा. खोली काळी होईल. त्या काळ्यात जे पिवळे ठिपके तसेच जळत राहिले, ते दिवे तुमच्या डोळ्यात येतायत. आईच्या जागेवरून मी हे केलं, तीन ठिपके. माझ्या नेहमीच्या कोपऱ्यातून? एक. कारण मी सोफ्याच्या टोकाला लॅपटॉपमध्ये मान घालून बसतो आणि दोन दिवे माझ्या मागे येतात. वर्षभर त्याच सोफ्यावर बसतो म्हणत होतो, पण जागा तीच नव्हती.

बसवण्याचे प्रकार वेगवेगळे असतात, हे यानिमित्ताने कळलं. न्यू जर्सीतल्या कॉलेजच्या मित्राला फोटो पाठवले तर तो म्हणाला, आमच्याकडे वेगळंच असतं. तिकडे छतात कायमचा एक पत्र्याचा डबा बसवलेला असतो, बहुतेक सहा इंची, आणि त्यात खालून रिफ्लेक्टरचा कोन ढकलतात. त्याला इंग्रजी व्ही सारख्या दोन स्प्रिंग असतात. दोन्ही पाय चिमटीत धरून डब्यातल्या खाचेत घालायचे आणि कोन वर ढकलायचा. पाय आत पसरतात तसा कोन स्वतःच वर ओढला जातो आणि छताला चिकटून बसतो. जुन्या घरांत कॉइलची स्प्रिंग असते, ती ताणून आतल्या आकड्याला अडकवायची. त्याचा एक कोन सारखा अर्धा इंच खाली लोंबायचा. स्प्रिंग बदलून झाल्या, तरी तेच. शेवटी कळलं, एक पाय खाचेत होता आणि एक नुसता डब्याच्या भिंतीला घासत होता. म्हणजे देश बदलला तरी आजार तोच. मला माझं पहिलं ऑफिसही आठवलं. सीएफएलचे मोठे डाउनलाइट, त्यातला एक रिफ्लेक्टर माझ्या डेस्कवर एका स्प्रिंगला लटकून महिनोन्महिने गोल फिरत असायचा. आम्ही त्यावर मीम बनवले. तक्रार कोणी केली नाही.

असो. दुरुस्तीकडे येतो.

चांगल्या जागेच्या पाचांचं काम सोपं होतं. ड्रायव्हरच्या वायरीला आधी सैल वळण दिलं, म्हणजे फिरवताना ती उलटी ओढणार नाही. वाकलेल्या कानाचा रिफ्लेक्टर बाद केला, तोच हा समोर ठेवलेला. माळ्यावरच्या कोऱ्यांतला एक तिथे लावला. प्रत्येक रिफ्लेक्टर खाचेत घालून फिरवला, क्लिक झाल्यावर परत उलटा फिरवून बघितला. नुसता क्लिक पुरत नाही. आणि मग खाली ओढून बघायचा, जरा जोर लावून. माझ्या हातात यायचा असेल तर आत्ता येऊ दे.

एक गोष्ट मला माहीत नव्हती. रिफ्लेक्टरच्या आतल्या बाजूला उघड्या बोटांनी धरायचं नाही. बोटांचा तेलकटपणा बसतो, रोजच्या उष्णतेने तो डाग पक्का होतो. सुती हातमोजे घालायचे किंवा काठानेच धरायचा. आणि पुसायला काच पुसायचं रसायन आणि खरखरीत फडकं नको, पॉलिश जातं. प्लॅस्टिकवर चमक चढवलेला रिफ्लेक्टर असेल तर आणखी जपून.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. रिफ्लेक्टरचं वरचं भोक सीओबीच्या पिवळ्या भागाच्या भोवती बरोबर मध्यावर यायला हवं, पण सीओबीला टेकायला नको. मध्ये एक पांढरी प्लॅस्टिकची चकती असते. ती बऱ्याचदा खोक्यात राहते किंवा पडते, आणि ती नसेल तर धातूचा काठ वायरींच्या सोल्डरला लागून शॉर्ट होऊ शकतो. आमच्या एका दिव्यात ती सरकलेली होती. तो दिवा भिंतीवर वाकडा उजेड पाडायचा. भिंतीलगतचा डाउनलाइट कसा कमानीसारखा उजेड पाडतो, तशा दोन कमानी सारख्या आणि तिसरी एका बाजूला झुकलेली. मी ते डिझाइन समजत होतो! रिफ्लेक्टरचा आकार असा काढलेला असतो की ठिपका ठरलेल्या जागी असेल तर उजेड ठरलेल्या कोनात जाईल. ठिपका दोन-तीन मिलिमीटर सरकला की खाली भिंतीवर तो फरक मोठा होऊन दिसतो. तेव्हा भिंतीवरची कमान वाकडी दिसली तर भिंत नाही, वर बघा.

मग फ्रेमची पकड. दोन फ्रेम हलवल्या तर हलत होत्या. ८५ मिलिमीटरचं भोक हवं होतं, पण होल सॉ न वापरता करवतीने हाताने कापलेलं, कुठे नव्वद, कुठे जास्त. स्प्रिंगचा पाय टेकणार त्या जागी जिप्समचा भुगा झालेला, आणि पकड यावी म्हणून वर खोक्याच्या पुठ्ठ्याचा तुकडा घातलेला. पुठ्ठा! हीट सिंकच्या शेजारी. तो काढला. आमच्या सुताराकडून सहा मिलिमीटर प्लायच्या रिंगा कापून घेतल्या, दोन अर्ध्या अर्ध्या, म्हणजे भोकातून वर सरकवता येतात. त्या जिप्समच्या पाठीवर ठेवून खालून दोन-दोन छोटे स्क्रू मारले, स्क्रू फ्रेमच्या काठाखाली झाकले जातात. आता स्प्रिंग प्लायवर बसते. हे कोणत्याही डेटाशीटमध्ये नव्हतं, सुताराच्या डोक्यातून आलं.

बीमखालच्या तिघांचं मात्र अडलं. मी सुचवलं, उथळ दिव्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी काळी जाळी मिळते, ती बसवू, बाजूने ठिपका दिसत नाही. आई म्हणाली, "जाळी कशाला? तो दिवा तिथे हवाच कशाला?" आता यावर काय बोलणार? दोन दिवे फूटभर भिंतीकडे सरकवले, बीमच्या बाहेर, तिथे माळ्यावरचे उरलेले दोन रिफ्लेक्टर पूर्ण खोलीने बसले. काकाच आले होते बसवायला. यावेळी मी शिडी धरून उभा होतो, आणि त्यांनी स्वतःहून प्रत्येक रिफ्लेक्टर ओढून दाखवला. "असं कोणी बघत नाही साहेब," म्हणाले. तिसरा दिवा काढूनच टाकला.

संध्याकाळी सगळे लावले. आई सोफ्यावर मधोमध बसली. मी परत तिच्या शेजारी बसून तिच्या डोळ्यांच्या उंचीला फोन धरला, ब्राइटनेस खाली ओढला. स्क्रीन पूर्ण काळी. तिला दाखवली. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही, काळी स्क्रीन ती. म्हणाली, "जरा अंधार झालाय आता." मग दहा मिनिटांनी, मालिका लागल्यावर, कपाळावर हात न धरता बघत होती. मी ते बघितलं, बोललो काही नाही.

जुनी तीन भोकं अजून तशीच आहेत, वर पांढरा कागद चिकटवलाय. पेंटर रविवारी येतो म्हणाला होता. तीन रविवार झाले.